चादर, काठी, कुत्रा आणि आपले हात

२०२१ च्या उन्हाळ्यात ‘ब्लॅक फंगस’ घराघरांत पोचला आणि त्याची अधिकृत गोष्टही सगळ्यांना पाठ झाली. प्रतिकारशक्ती खालावली, स्टेरॉइड दिली गेली, साखर वाढली, बुरशीने संधी साधली. रुग्णालयातल्या मुलांबद्दलही अशीच गोष्ट सांगतात: बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं, किंवा केमोथेरपीत पांढऱ्या पेशी संपल्या होत्या, आणि बुरशी रक्तात शिरली. गोष्ट खरी आहे. फक्त तिच्यातून एक पात्र गाळलेलं असतं, ते म्हणजे बुरशीला बाळापर्यंत घेऊन येणारं. मायक्रोबायोलॉजीत काम करणाऱ्या आम्हा लोकांना या पात्राचं भारी कुतूहल, कारण त्याला हुडकून काढणं हेच आमचं काम. आणि या शोधकथा वाचत, ऐकत, थोड्याफार जगत आल्यावर एक गोष्ट ठळक दिसते. हे पात्र बहुतेक वेळा बाळाच्या मदतीलाच आलेलं असतं.

सुरुवात फोनपासून करते. एनआयसीयूला, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागाला, ‘ब्लड कल्चरमध्ये यीस्ट दिसतंय’ असं कळवलं की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, कंटॅमिनंट असेल का?’ रात्रभर जागलेल्या रेसिडेंटची ती आशा असते. त्वचेवरचे काही जिवाणू रक्त घेताना बाटलीत शिरतात, तेव्हा ही शंका रास्त ठरते. कॅन्डिडाच्या बाबतीत मात्र तिला जागा नाही. तो रक्तात सापडला की खरा मानायचा आणि औषध सुरू करायचं. मग दुसरी चकमक. आम्ही म्हणतो, ‘सेंट्रल लाइन काढा.’ तिकडून उत्तर येतं, ‘काढली तर दुसरी लावू कुठे?’ नऊशे ग्रॅमच्या बाळाची शीर मिळवण्यासाठी त्या पोराने काय खटपट केलेली असते ते आम्हाला माहीत असतं. पण प्लास्टिकच्या नळीच्या आत कॅन्डिडा चिकट थर धरतो आणि औषध त्या थरात पुरेसं पोचत नाही, हेही माहीत असतं. शेवटी लाइन निघते. आम्ही वाद जिंकतो खरा, पण जिंकल्याचं समाधान काही मिळत नाही. कारण खोलवर गेलेल्या कॅन्डिडाच्या जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये ब्लड कल्चरची हीच बाटली निगेटिव्ह येते. म्हणजे आम्ही भांडलो ते ज्याच्याबद्दल फोन करता आला त्या बाळासाठी. तितक्याच आजारी दुसऱ्या बाळाचा रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ म्हणून केव्हाच फाइलला लागलेला असतो.

काही बुरशी तर बाटलीत असूनही दिसायचं नाकारतात. मॅलॅसेझिया फर्फर ही त्यातली एक. आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर ती राहते, कोंड्याशी तिचं नातं आहे, आणि तिला वाढायला स्निग्ध पदार्थ लागतो. दूध न पचणाऱ्या बाळांना शिरेतून जे पोषण देतात, त्यात स्निग्धांशाचं पांढरं द्रावणही असतं. त्वचेवरून सरकत नळीत शिरलेल्या या बुरशीला तिथे आयती मेजवानी मिळते. बाळाला ताप येतो, प्लेटलेट्स घसरतात, कल्चर मात्र कोरंच राहतं. अशा वेळी जुनेजाणते तंत्रज्ञ प्लेटवर ऑलिव्ह ऑइलचा पातळ थर देतात. बुरशी उगवते. लाखो रुपयांच्या यंत्राला जे जमलं नाही ते किराणा दुकानातल्या बाटलीने केलेलं असतं.

याच कुळातल्या दुसऱ्या बुरशीने, मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिसने, अमेरिकेतल्या एका नवजात अतिदक्षता विभागाला नव्वदच्या दशकात सव्वा वर्षभर छळलं. पंधरा बाळांमध्ये ती सापडली, त्यांतल्या आठांच्या रक्तात. ही बुरशी मुळात कुत्र्यांच्या कानात आणि त्वचेवर राहणारी. आता नवजात विभागात कुत्रा कुठून येणार? शोधपथकाने सरळ कर्मचाऱ्यांच्या घरच्या कुत्र्यांचे नमुने मागवले. (पाळीव कुत्र्याच्या कानाचा स्वॅब घेऊन कामावर या, असा निरोप मिळाल्यावर त्या विभागात काय चर्चा झाली असेल याची कल्पना करावी.) बारा कुत्र्यांमध्ये बुरशी सापडली, आणि त्यांतल्या तिघांची बाळांमधल्या बुरशीशी तंतोतंत जुळली. १९९८ मध्ये हा शोध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. कुत्रा रुग्णालयाच्या आसपासही फिरकला नव्हता. सकाळी घरून निघताना ज्या हाताने त्याला कुरवाळलं, तोच हात बाळाच्या काचेच्या पेटीत गेला होता.

कुत्र्यावर संशय तरी घेता येतो. लाकडाच्या साध्या काठीवर कोण घेणार? घसा तपासताना जीभ दाबायला वापरतात ती चपटी पट्टी सगळ्यांनी पाहिलेली आहे. ब्रिटनमधल्या एका विभागात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा सलाइनचा हात हलू नये म्हणून तिचाच आधार बांधत. कल्पना छान, स्वस्त, आणि बाळाच्या मापाची. अशा चार बाळांना रायझोपस मायक्रोस्पोरसचा संसर्ग झाला. रायझोपस म्हणजे २०२१ मध्ये आपण ज्याला घाबरलो त्याच म्युकरच्या घराण्यातला. शोध घेताघेता तपासणारे त्या पट्ट्यांपाशी पोचले आणि बुरशी लाकडातच मिळाली. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे प्रसिद्ध केलं. मोठ्या माणसाच्या जाड कातडीला ती पट्टी बाधली नसती. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा इतकी कोवळी असते की लाकूड, ऊब आणि पट्टीखालची ओल एवढं बुरशीला पुरलं. सलाइन जागेवर राहावं म्हणून बांधलेला आधारच संसर्गाचा दरवाजा ठरला.

तरी काठी निदान एका हातापुरती असते. चादर प्रत्येकाच्या अंगाखाली असते. न्यू ऑर्लीन्समधल्या मुलांच्या एका रुग्णालयात २००८ आणि २००९ मध्ये त्वचेच्या म्युकरमायकोसिसने पाच मुलं गेली. मुलं वेगवेगळ्या विभागांतली, मूळ आजार वेगवेगळे, मृत्यूही महिन्यामहिन्यांच्या अंतराने. प्रत्येक डॉक्टरला आपली केस एकटी आणि दुर्दैवी वाटली. या सगळ्यांना जोडणारा धागा कुणाच्या ध्यानात यायला बराच काळ गेला. तो धागा शब्दशः धागाच होता: धुऊन, घडी घालून आलेले कपडे आणि चादरी. तपासलेल्या कापडी वस्तूंपैकी ४२ टक्क्यांवर रायझोपस मिळाला, इतर वस्तूंपैकी केवळ ४ टक्क्यांवर. वॉर्डांचे उंबरठे ओलांडून पाचही मुलांपर्यंत पोचणारी वस्तू एकच होती, आणि ‘स्वच्छ’ असा शिक्का तिच्यावर आधीच बसलेला होता. शोधनिबंध छापून आला तो २०१४ मध्ये. तोवर पाच-सहा वर्षं उलटून गेली होती.

ही गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण आपल्याकडच्या पावसाळ्याचा ओला वास मला माहीत आहे. जुलैत चादरी नीट वाळत नाहीत. ट्रॉली व्हरांड्यात उभी राहते, शेजारी भिंत फोडण्याचं काम चालू असतं, आणि वरचं झाकण कुणीतरी दुसऱ्याच कामाला नेलेलं असतं. एका रुग्णालयात अशी उघडी ट्रॉली रोज पाहून शेवटी तक्रार केली कुणी, तर सफाईच्या मावशींनी. ‘मॅडम, या कपड्यांना कुबट वास येतो. कॅन्सरच्या पोरांखाली हे नको घालायला.’ ऑडिटच्या कागदावर सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण होती. वासासाठी रकानाच नव्हता. मावशींनी तो स्वतःपुरता आखून घेतला होता.

औषधही वाट करून देतं, हे ऐकून पालकांना नेहमी धक्का बसतो. १९२० च्या दशकात आँरी बुलार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला इंडोचायनात दिसलं, की पटकीच्या साथीत तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात. त्या फळांवरून त्याने एक यीस्ट वेगळं काढलं. आज जुलाब झालेल्या मुलांना देतात त्या सॅशेमध्ये ते सॅकरोमायसिस बुलार्डी असतं. बहुतेक मुलांना त्याचा त्रास होत नाही. पण आयसीयूत खाटेशेजारी ही पुडी फाडली की जिवंत यीस्टची पूड हवेत उडते, हातांवर बसते, आणि हात धुऊनही थोडी मागे उरते, असं फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्याच हाताने सेंट्रल लाइनचं टोक उघडलं की यीस्टला रक्ताचा रस्ता मिळतो. कल्चर पॉझिटिव्ह आल्यावर आम्ही विचारतो, ‘या पेशंटला प्रोबायोटिक चालू आहे का?’ उत्तर येतं, ‘नाही.’ मग विचारायचा तो खरा प्रश्न: ‘आणि शेजारच्या खाटेवर?’

कधी तपासणीच आपल्याला फसवते. ॲस्परजिलसचा छडा लावणारी गॅलॅक्टोमॅनन नावाची रक्ततपासणी आली तेव्हा आम्ही सगळे हरखलो होतो. केमोथेरपी घेणाऱ्या मुलाच्या फुफ्फुसाचा तुकडा न काढता निदान होणार होतं. मग एका काळात पॉझिटिव्ह रिपोर्टांची रांग लागली. मुलं बरी दिसत, स्कॅन स्वच्छ येई, रक्त मात्र बुरशीचा पुकारा करी. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक चालू असलेल्यांत हे जास्त घडत होतं, असं २००३ च्या सुमारास लक्षात आलं. पेनिसिलिनच्या घराण्यातलं हे औषध, आणि त्या घराण्याची निर्मितीच बुरशीपासून होते. तिचा अंश औषधातून रक्तात उतरत होता. नवजात बाळांमध्ये तर आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियमसारख्या उपकारक जिवाणूंमुळेही ही तपासणी चकते. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. ज्याला आपण उपचार म्हणून शिरेतून सोडलं होतं, त्याचीच खबर ते आपल्याला देत होतं.

कॅन्डिडा ऑरिसची कहाणी वर्तमानपत्रांनी पुष्कळ रंगवली. २००९ मध्ये जपानमध्ये सत्तर वर्षांच्या एका बाईंच्या कानात ती प्रथम सापडली, २०१३ मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी भारतातल्या रुग्णांची नोंद छापली, आणि मग जगभर धावपळ उडाली. पडद्यामागे मात्र वेगळंच चित्र होतं. कोरियातल्या एका गटाने जुने साठवलेले नमुने नव्या पद्धतीने तपासले तेव्हा एक नमुना १९९६ चा निघाला, एक वर्षाच्या मुलाच्या रक्तातला. नव्या शत्रूची वर्दी लागण्याच्या तेरा वर्षं आधी तो एका लहान मुलाला गाठून गेला होता आणि दुसऱ्याच नावाने फ्रीझरमध्ये पडून होता. आपल्या प्रयोगशाळांतली नेहमीची यंत्रंही कित्येक वर्षं तिला ‘कॅन्डिडा हीम्युलोनी’ म्हणत राहिली. ती रुग्णालयाबाहेर कुठे राहते हा प्रश्नही असाच लोंबकळत होता. त्याचा मोठा दुवा दिल्ली विद्यापीठाच्या डॉ. अनुराधा चौधरी यांच्या गटाला २०२१ मध्ये मिळाला, तोही कुठल्या वॉर्डात मिळाला नाही. तो मिळाला अंदमानच्या समुद्रकिनाऱ्यावर आणि खाजणात.

आता दुसरी बाजू. ज्या मातीतून ॲस्परजिलस आणि रायझोपस उठतात, त्याच मातीने आपल्याला औषधंही दिली. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात बुरशी वाढवत, रेचल ब्राउन ऑल्बनीत रसायनं वेगळी करत, आणि दोघींमधला पूल म्हणजे सरकारी टपाल. मातीतले जंतू आणि त्यांचे अर्क काचेच्या बरण्यांतून पोस्टाने ये-जा करत. व्हर्जिनियात नोर्स नावाच्या स्नेह्यांच्या शेतावर हेझन गेल्या असताना उचललेल्या मातीत त्यांना हवा तो जंतू सापडला. १९५० मध्ये जाहीर झालेलं ते औषध म्हणजे निस्टॅटिन. तोंड आलेल्या बाळाच्या जिभेवर आजही आपण त्याचे थेंब टाकतो. रॉयल्टीचे १ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त जमले, आणि दोघींनी ते सगळे विज्ञान-संशोधनाला देऊन टाकले. १९६६ च्या पुरानंतर फ्लोरेन्समधल्या चित्रांवर चढलेली बुरशी हटवायलाही हेच औषध कामी आलं. एकाच बरणीतल्या मातीने बाळांची तोंडं धुतली आणि इटलीतली चित्रंही.

व्हर्जिनियाच्या त्या शेताला महाराष्ट्रातही एक जोडीदार आहे, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे एम. जे. तिरुमलाचार यांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका जंतूपासून बुरशीविरोधी औषध शोधलं. औषधाचं नाव हॅमायसिन, आणि जंतूचं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पुणे-मुंबई रस्त्यावरून जाताना आज तिथे कारखाने, उड्डाणपूल आणि वाहतूक दिसते. जागतिक वैद्यकाच्या वह्यांत मात्र पिंपरीचं नाव त्या मातीने कोरून ठेवलेलं आहे.

गंभीर संसर्गासाठी दशकानुदशकं एकच आधार होता, ॲम्फोटेरिसिन बी. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून आलेलं हे औषध वॉर्डात ‘ॲम्फो’ म्हणून ओळखलं जातं. ते सुरू होण्याआधी सिस्टर चादर, थर्मामीटर आणि पॅरासिटामॉल घेऊन तयार राहतात, कारण थंडी वाजून हुडहुडी भरणार हे ठरलेलं. पोटॅशियम घसरतं, मूत्रपिंडं कुरकुरतात. शिवाय ते डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं. सलाइनमध्ये घातलं की त्याचा साका होतो. म्हणून ‘ॲम्फोला सलाइन लावू नका’ हा नियम नव्या सिस्टरला पहिल्याच पाळीत ऐकवला जातो. मेदाच्या सूक्ष्म कुप्यांत हे औषध भरलं की त्याचा त्रास बराच कमी होतो, पण परदेशी कुपीची किंमत आपल्या रुग्णांना झेपणारी नव्हती. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठात बिमलकुमार बच्छावत यांच्या गटांनी भारतीय लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन घडवलं. देण्याआधी त्याला ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवावं लागे, इतका तो नाजूक मामला. आणि परळमध्ये मेहनत करून तयार झालेलं हे औषध होतं चक्क सलाइनमधलं. वर्षानुवर्षं घोकलेला नियम सिस्टरना त्याच्यापुरता बाजूला ठेवावा लागला.

औषध आलं तरी मुलांपर्यंत त्याची मात्रा उशिरा पोचते, हे माझं सगळ्यात जुनं दुखणं. व्होरिकोनॅझोल २००२ मध्ये बाजारात आलं ते मोठ्यांची मात्रा घेऊन. मूल म्हणजे वजनाने कमी असलेला मोठा माणूस, असा हिशेब केला आणि तो फसला. मुलांचं यकृत हे औषध इतक्या झपाट्याने निकालात काढतं की रक्तात पुरेसं उरतच नव्हतं. आज दोन ते बारा वर्षांच्या मुलांना शिरेतून दर किलोमागे ८ मिलिग्रॅम देतात, मोठ्यांना ४. म्हणजे दुप्पट. वीस किलोच्या मुलाच्या खाटेवर ही मात्रा लिहिताना नव्या रेसिडेंटचा हात अजूनही अडखळतो, आणि तो आम्हाला फोन करतो. त्याला वाटतं आपण जास्त देतोय. खरा धोका कमी देण्यात असतो.

शेवटी चंडीगड, कारण या सगळ्या किश्श्यांचं सार तिथे आहे. एप्रिल १९९६ ते फेब्रुवारी १९९८ या काळात तिथल्या पीजीआयमध्ये ३७९ नवजात बाळांना आणि मुलांना पिचिया अनोमाला नावाच्या यीस्टचा संसर्ग झाला. नावही बहुतेकांनी ऐकलेलं नव्हतं. डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विभागाचा कोपरान् कोपरा धुंडाळला. कुत्रा नाही, काठी नाही, चादर नाही. परिसरात उगम कुठेच मिळेना. मिळाला तो कर्मचाऱ्यांच्या हातांवर. धोक्यातल्या बाळांना निस्टॅटिन आणि फ्लुकोनॅझोल आधीच द्यायला सुरुवात झाली, आणि सोबत हात कसे धुवायचे ते सगळ्यांना नव्याने शिकवलं गेलं. तेव्हा कुठे साथ आटोक्यात आली. देशातल्या अग्रगण्य संस्थेतल्या निष्णात माणसांना हात धुण्याचे धडे पुन्हा गिरवावे लागले. त्यांनी ते गिरवले आणि सगळा प्रकार जगासमोर छापलाही. शोधापेक्षाही मला त्यांचं हे छापणं मोठं वाटतं, कारण अशा साथी इतरत्रही होतात आणि कपाटात बंद राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक १९ बुरशींची पहिली यादी काढली. नवी औषधं फार थोडी येताहेत आणि मुलांसाठीची त्याहून थोडी, हेही तिने पुढे बजावलं. औषधांची वाट पाहायलाच हवी आणि त्यासाठी पैसा मागायलाच हवा. पण वरच्या गोष्टींतली चादर झाकायला, लाकडी पट्टी बदलायला, पुडी खाटेपासून दूर फोडायला कुठल्याही नव्या रेणूची गरज नव्हती. गरज होती ती कुणीतरी विचारण्याची, आणि विचारणाऱ्यावर न चिडण्याची. म्हणून वॉर्डात नव्याने येणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला मी एकच सांगते. पेटीशेजारी बसलेली आई जर म्हणाली, ‘डॉक्टर, हात धुतले का?’, तर आधी हात धुवा, मग तिला ‘बरं केलंत विचारलंत’ म्हणा. संसर्ग नियंत्रण समितीत तिला कुणी नेमलेलं नसतं, पण बाळाजवळ चोवीस तास हजर असणारी त्या समितीची ती एकमेव सदस्य आहे.